पाळण्याला तारीख नसते

"मॅडम, तुमच्या त्या यंत्रानं आठवडाभर रोज एक बारसं लावून ठेवलंय," रोहिदास फोनवर म्हणाला, "आन् त्यातलं एकबी पोर अजून जन्माला आलेलं न्हाई."

स्वरूपाच्या हातात पोह्यांची बशी होती. पिंपळे सौदागरात एका मिठाईच्या दुकानाच्या डोक्यावर त्यांचं ऑफिस. अकराच्या सुमाराला खालून तुपाचा वास जिना चढून वर यायचा आणि सगळे बशा घेऊन खिडकीपाशी जमायचे. ती मात्र हल्ली खिडकीपासून लांब बसून खायची, तेही लिंबू पिळून पिळून. रोहिदासचं चालूच होतं. रविवारी मोई गावचं, सोमवारी चिंबळीचं, मंगळवारी निघोज्याचं. बुधवारी अमावस्या, ती तरी सोडावी की नाही, तर त्या दिवशी खुद्द कुरुळीतल्या एका घरचं. बरं, नुसतं लावून गप्प बसलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण यंत्रानं घरोघरी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज धाडले होते: 'अभिनंदन! आपल्या बाळाच्या बारशाचा पाळणा अमुक तारखेला घरपोच मिळेल.' पाचवा महिना लागलेल्या, सातवा लागलेल्या घरांत, सकाळी सकाळी, सासूच्या मोबाइलवर. "आई नुसती पेटलीया," रोहिदास म्हणाला. "ज्यानं हे लिव्हलं त्याला माझ्यापुढं हुबं कर म्हणती. कोण हाय त्यो?" स्वरूपा म्हणाली, "मीच आहे." त्यावर, "मग याच तुमी," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

खरं तर आधी नोकरीची धास्ती वाटायला हवी होती. रोहिदास म्हणजे कुरुळीचा मांडववाला. खुर्च्या, सतरंज्या, भांडी, जनरेटर, सगळं भाड्यानं देणारा, आणि ऑफिसनं बनवलेल्या, बुकिंग सांभाळणाऱ्या यंत्राचं पहिलं गिऱ्हाईक. पण तिच्या छातीत धस्स झालं ते एका शब्दानं. बारसं. हा शब्द आणि त्याचं सगळं गणगोत, म्हणजे डोहाळे, टोपडं, अंगडं, यांना तिनं कित्येक दिवस आपल्या वाऱ्याला उभं राहू दिलं नव्हतं. रस्त्यात लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आलं की ती समोरच्या फुटपाथवरचा चपलांचा ठेला असा काही बघायची की ठेलेवाल्याला वाटावं, बाई आता चार जोड नक्की घेणार. तिला दिवस गेले होते. दुसरा महिना सरत आला होता, आणि हे तिला नि डॉक्टरीणबाईंना सोडून जगात कुणालाही ठाऊक नव्हतं. आईला नाही, ऑफिसात नाही आणि समाधानलाही नाही. आता बोला! सख्खा नवरा, एका ताटात जेवणारा, आणि त्याच्याचपासून गोळ्या तांदळाच्या डब्यामागं लपवायच्या.

पण त्यालाही कारण होतं, आणि कारण म्हणजे समाधानचा स्वभाव. या माणसाला आनंद झाकता येत नाही. पहिल्या वेळी त्यानं चाकणच्या कंपनीत तिन्ही शिफ्टना पेढे वाटले. दुसऱ्या वेळी शहाणपणा करून फक्त आपल्याच शिफ्टला वाटले. दोन्ही वेळा राहिलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं, कुणाची चूक नसते, पुढच्या वेळी सगळं नीट होईल. आणि स्वरूपाचा त्यांच्यावर विश्वासही बसला. पण पुढं महिना-दोन महिने कोणी ना कोणी समाधानला विचारत राहिलं, काय भावा, कधी आहे मग? एकदा गॅलरीत तो फोनवर बोलत होता आणि ती आत कपड्यांच्या घड्या घालत होती. 'नाही राहिलं भाऊ. नाही नाही, तिची तब्येत चांगली आहे. तुमी कशाला वाईट वाटून घेताव.' जसं काही हरवलं होतं ते समोरच्याचं, आणि हा त्याची समजूत काढत होता. त्या घड्या तिनं तशाच मोडून पुन्हा घातल्या होत्या. तेव्हाच तिनं मनाशी गाठ मारली, की आता तिसरा महिना पार पडल्याशिवाय या माणसाच्या कानावर काही जाऊ द्यायचं नाही. त्याला पुन्हा लोकांची समजूत काढत फिरायला लावायचं नाही. भ्यायचं ते आपलं आपण भ्यावं.

"ताई, सगळं मागं घेतलंय," सुजित तिच्या टेबलापाशी येऊन म्हणाला. सुजित कंपनीचा मालक; वयानं तिच्याहून लहान, म्हणून ताई म्हणायचा आणि रागवायचं असलं की आधी खुर्ची ओढून घ्यायचा. आत्ता त्यानं खुर्ची ओढून घेतली. "तारखा पहिल्यासारख्या झाल्यात. पण मेसेज गेले ते गेले. ते काय परत येत नाहीत." त्यानं लॅपटॉप तिच्याकडं वळवला. पडद्यावर तिचंच वाक्य होतं, तिच्याच सरळ, नेटक्या मराठीत: 'तारीख एका वर्षाहून लांबची असल्यास ती नजरचुकीनं पडली आहे असं समजावं, जवळची मोकळी तारीख द्यावी व ग्राहकास कळवावं.' सुजित म्हणाला, "यंत्र शब्दाबाहेर गेलेलं नाही. म्हणजे तसं बघितलं तर आपलं काम उत्तम चालतंय." मग त्यालाच हसू आलं, आणि ते दाबून तो म्हणाला, "पण तो मांडववाला गेला तर त्याच्यामागून आलेले चारही जातील. तेवढं बघा ताई. छबूबाईंचे पाय धरायला लागले तरी धरा." छबूबाई म्हणजे रोहिदासच्या मातोश्री, आणि त्यांच्याविषयी सुजित नेहमीच जरा उभं राहून बोलायचा.

स्कूटर खाली उभी होती, पण स्वरूपा बसनं निघाली. स्कूटर तिनं महिनाभर हलवली नव्हती. घरी सांगितलं होतं की ऑफिसपाशी पार्किंग मिळत नाही. नाशिक फाट्यावर बस मिळाली, खिडकीही मिळाली, आणि भोसरीच्या गर्दीत बस अडकली तशी ती आपल्या विचारात उतरली. गंमत अशी की गेली बारा-तेरा वर्षं ती माहितीपत्रकं लिहीत आली होती. मशिन कसं चालवावं, कुठलं बटण दाबू नये, पाणी कुठवर भरावं. जीव ओतून लिहायची आणि एक माणूस वाचायचा नाही. खुद्द समाधाननं घरातलं वॉशिंग मशिन तिच्या डोळ्यादेखत पुस्तिका न उघडता लावलं होतं, आणि मशिन चालत चालत बाथरूमच्या दारापर्यंत आलं तेव्हा तिलाच विचारलं होतं, आता काय करायचं गं? लिहिणारीला वाचणारा नसला की ती हळूहळू बेफिकीर होते. कोण वाचतंय, म्हणून एखादं वाक्य टाकून देते. आणि मग या वर्षी कुठून तरी हा वाचणारा आला. एजंट म्हणतात त्याला, पण सूटबूट घातलेला माणूस नव्हे. गिऱ्हाइकानं लिहावं, 'भाऊ, खुर्च्या शनिवारऐवजी रविवारी पाठवा, आन् पन्नास वाढवा,' की ते समजून घेऊन बुकिंगमध्ये तेवढा फरक करणारं यंत्र. पण बुकिंगला हात कसा लावायचा, काय बदलायचं, कशाला बोट लावायचं नाही, हे त्याला कुणीतरी साध्या भाषेत लिहून द्यावं लागतं, आणि ते तिचं काम. हा वाचणारा असा की शब्दन् शब्द वाचतो, कंटाळत नाही, आणि वाचलं ते लगेच करून मोकळा होतो. पहिले काही दिवस तिला इतका आनंद झाला होता की रात्री जेवताना ती समाधानला म्हणाली, "बघ, कुणीतरी आहे माझं ऐकणारं." समाधान म्हणाला, "मग त्यालाच सांग, उद्या डबा भर म्हणावं."

मोशीच्या पुढं नव्याकोऱ्या गाड्या लादलेले ट्रेलर ओळीनं उभे होते आणि त्यांच्यामधून बस वाट काढत होती. प्रत्येक खड्ड्याला स्वरूपा दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरायची आणि मनातल्या मनात ड्रायव्हरचा उद्धार करायची. नंतर तिला वाटायचं, बिचाऱ्यानं आपलं काय घोडं मारलंय, आणि तेवढ्यात पुढचा खड्डा यायचा. तिच्या लिहिण्यातला एक नियम तिला फार आवडायचा. जे बदलायचं असेल तेवढंच सांगावं. जे सांगितलं नाही ते होतं तसं राहील. किती सोयीचा नियम! समाधानला तिनं काही सांगितलं नव्हतं, म्हणून तो होता तसा होता: पहाटे उठून फर्स्ट शिफ्टला जाणारा, दुपारी येऊन गॅलरीत पाय पसरून झोपणारा, संध्याकाळी भाजी निवडता निवडता मोठ्यांदा गाणारा. सगळं जागच्या जागी. मग हल्ली तो गात का नव्हता? हा प्रश्न आत्ता, इंद्रायणीच्या पुलावर, पहिल्यांदाच तिच्या मनात आला, आणि तिनं तो पुलाच्या कठड्यावरून खाली टाकून दिला. तिला दुसराच प्रश्न सोडवायचा होता. बुकिंगमध्ये त्या लांबच्या तारखा तिनं पाहिल्या होत्या: एकतीस डिसेंबर दोन हजार नव्याण्णव, एक नाही, सहा-सात ठिकाणी. कशाच्या बुकिंगला आहेत, एवढं डोळे उघडून वाचलं असतं तर झालं असतं. पण वस्तूंच्या रांगेत कढया, घंगाळी, सतरंज्या, जनरेटर येत गेले आणि मग 'पाळणा' असा शब्द आला, आणि तिच्या बोटानं तो भर्रकन वर सरकवून दिला. चपलांच्या ठेल्याकडं बघावं तसं ती तारखांकडं बघत राहिली, आणि ठरवून टाकलं, रोहिदासची टाइप करताना चूक झालेली दिसते. अहो, न जन्मलेल्या पोराच्या बारशाची तारीख कोण शहाणा घालेल? दुसऱ्या कुणाला नसतं कळलं तर चाललं असतं. तिला कळायला हवं होतं. अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये त्या दिवशी ही चूक करू शकणारी एकच लिहिणारी होती आणि तिनं ती केली, असं तिच्या मनात आलं, आणि का कोण जाणे, एवढ्या धास्तीतही तिला बसमध्ये एकटीलाच खुदकन हसू फुटलं. शेजारच्या बाईनं पिशवी जरा आवरून घेतली.

गोडाऊन कुरुळी फाट्यापासून आत, एका गिअर बनवणाऱ्या कारखान्याच्या भिंतीला खेटून होतं. दारात टेम्पो, आत छतापर्यंत रचलेल्या लाल खुर्च्या, आणि सतरंज्यांच्या वळकटीवर नऊवारीतल्या छबूबाई, मांडीत पितळी पळ्यांचा ढीग घेऊन, एकेक पळी पदरानं पुसून मोजल्यासारखी बाजूला टाकताना. प्रत्येक पळीचा आवाज स्वरूपाला आपल्याच नावानं झाल्यासारखा वाटला. "तूच का ती लिव्हणारी?" त्या मान वर न करता म्हणाल्या. "हो." "वाटत न्हाईस. मला वाटलं, एखादा चष्मेवाला बाप्या असंल." मग मान वर केली, तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, आणि दुसरी वळकटी पायानं पुढं ढकलली. "बस. हुबी ऱ्हाऊ नगंस." चहा आला. चहाचा वास आला तशी स्वरूपानं मान फिरवली. तिनं कप हातात धरला, हात लांब धरला, आणि आता आणखी लांब धरायला हात उरला नाही तेव्हा छबूबाईंनी तो काही न बोलता काढून घेतला, स्वतः पिऊन टाकला, आणि कमरेची पिशवी सोडून तिच्या तळव्यावर मीठ लावलेल्या आवळ्याचे दोन तुकडे ठेवले. "धर. आन् आता ऐक."

मग त्यांनी सांगितलं. पाळणा एकच, सागवानी, चार कोपऱ्यांना चार पितळी राघू. कंपन्या येण्याच्या आधी, जमिनी होत्या तेव्हा, छबूबाईंच्या मालकांनी रोहिदासच्या बारशाला सुताराकडून करून घेतला. रोहिदास अंगानं असा धडधाकट निघाला की भावकीतल्या बायका मागायला लागल्या, मग शेजारच्या गावच्या, आणि आता तर कंपनीत कामाला आलेली लांबलांबची माणसंही. "पर आमची रीत हाय," छबूबाई म्हणाल्या. "पाळणा आधी सांगून ठिवायचा. तारीख घालायची न्हाई. पोराला काय आवतान धाडायचं अस्तं का? ते त्याच्या मनानं येतं. बाई सुखरूप सुटली की घरचा माणूस येतो आन् ह्या उंबऱ्यावर गुळाचा खडा ठिवतो. कोण बोलत न्हाई, कोण इचारत न्हाई. गूळ आला की आमी पाळणा पुसायला काढतो." कोपऱ्यात उभ्या रोहिदासनं डोकं खाजवलं. "तुमच्या त्या सॉफ्टवेअरला तारीख लागतीच मॅडम. तारखेबिगर पुढंच सरकंना. मग म्या आपली सगळ्यात लांबची टाकली. म्हटलं, तवर काय आपण ऱ्हात न्हाई." छबूबाई म्हणाल्या, "तू ऱ्हाशील रे, पर अक्कल ऱ्हाईल का ते बघ."

शिक्षा मात्र ठरलेली होती. सुजितनं पाय धरायला सांगितले होते. छबूबाईंनी फोन धरायला लावला. एकेका घराला रोहिदास फोन लावणार, स्पीकर सुरू, आणि स्वरूपानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. पहिला फोन मोईला, भिमाबाईंना. स्वरूपा म्हणाली, "मावशी, तो मेसेज चुकून गेला. बारसं नाही, काही नाही. चूक माझी आहे." भिमाबाईंनी तिला सोलून काढली. सून घाबरून देवापुढं बसलीय, ल्योक कामावर गेला न्हाई, यंत्राच्या हातात लोकांची घरं देता व्हय गं? आणि मग एकदम, "तुला लेकरंबाळं हायत का?" गोडाऊनमध्ये टेम्पोवाल्याचा रेडिओ चालू होता, तोही नेमका त्याच क्षणी थांबला. "नाहीत," स्वरूपा म्हणाली. हा शब्द उच्चारताना तिला भीती वाटली, की कुणीतरी आत ऐकत असेल आणि रुसून बसेल. तिनं आवळ्याचा तुकडा दाढेखाली दाबून धरला आणि मनात भराभर म्हटलं, तुला नाही म्हटलं रे, तुला नाही. भिमाबाई जरा नरमल्या. "मग तुझा तरी काय दोष, तुला कुठनं ठावं असणार. बरं, म्या सुनंची दृष्ट काढलीया. मोबाइलचीबी काढलीया. त्यातनं लई तडतड आवाज आला बघ मिरच्यांचा."

दुसऱ्या घरच्यांनी फोन उचलून नुसतंच 'बरं बरं' म्हटलं. तिसरा फोन चिंबळीच्या मंजुळाबाईंना. स्वरूपा एव्हाना पाठ झाल्यासारखं म्हणाली, "मावशी, बारसं नाही, काही नाही, चूक..." "न्हाई कसं?" मंजुळाबाई ओरडल्या. "आगं, पहाटं सुटली माझी लेक! मुलगी झाली, गोरीपान! आमी दवाखान्यातनं घरी येतो न येतो तोवर तुमचा मेसेज, अभिनंदन म्हणून. गावात कुणाला सांगितलं नव्हतं गं अजून, तुमच्या यंत्राला कसं कळलं? छबूबाई, देवरुशी यंत्र आनलंय व्हय तुमी?" छबूबाईंनी कपाळाला हात लावला आणि हसल्या, पोटभर हसल्या, मांडीतल्या पळ्या खाली सांडल्या. मंजुळाबाईंचं पुढं चाललंच होतं, की सोमवार काही चालत नाही, बाराव्या दिवशीच करू, तेवढी तारीख पुढं ढकला, आणि गूळ घेऊन जावई निघालाय. रोहिदासनं फोन ठेवला आणि म्हणाला, "एक तरी बरोबर आलं." त्यानंतरचे फोन सोपे गेले. दुपार कलली तोवर जवळजवळ सगळ्या घरांना सांगून झालं होतं, दोन घरांनी स्वरूपाला बारशाचं आमंत्रणही देऊन टाकलं होतं, अर्थात तारखेशिवाय.

मग तिनं खुर्च्यांच्या थप्पीवर लॅपटॉप ठेवला आणि उभ्या उभ्या ते वाक्य काढून टाकलं. "काय लिव्हतीस ते मोठ्यानं वाच," छबूबाई म्हणाल्या. स्वरूपा एकेक शब्द उच्चारत लिहीत गेली: "पाळण्याच्या बुकिंगला तारीख नसते. ती मागू नये. ती सुचवू नये. घरून निरोप येईपर्यंत या बुकिंगला हात लावू नये, आणि कुणी विचारलं तरी..." ती अडली. "कुणी इचारलं तरी म्हणावं, पाळणा जाग्यावर हाय," छबूबाई म्हणाल्या. तिनं तसंच लिहिलं. इतक्या वर्षांत तिला कुणी वाक्य सांगितलं नव्हतं. पाळणा जागेवर आहे. एखाद्या गोष्टीचं नुसतं असणंही किती पुरतं, असं तिच्या मनात आलं. आणि त्याबरोबर एक चमत्कारिक ओढ, की आपणही आत्ता या बाईला सांगावं, माझ्यासाठीही ठेवा. जिभेच्या शेंड्यावर आलं. तिनं ते गिळलं, आवळ्यासकट.

"आता एकच घर ऱ्हायलं," रोहिदास म्हणाला. "फोन उचलला न्हाई. कंपनीतला माणूस हाय, आत मोबाइल नेऊ देत न्हाईत. सुट्टी झाली की लावू." छबूबाई म्हणाल्या, "त्यो व्हय, लातूरवाला!" आणि पुन्हा हसायला लागल्या. "त्याची तर वेगळीच कथा. महिना झाला असंल, आला, हितं दारात हुबा. पाळणा सांगून ठिवायचा म्हणला. म्या म्हणलं, बायकूला कितवा? तर म्हणतो, मावशी, मला म्हाईत न्हाई. तिनं मला अजून सांगितलंच न्हाई. पर मला कळलंय. ती सांगंल तवा सांगंल, तुमी तवर पाळणा ठिवा. आन् नाव म्हणून बायकूचं घालू दिलं न्हाई. असला गडी बघितला न्हाई म्या." स्वरूपाही हसली. अर्धं लातूर चाकणला कामाला आहे. कुरुळीतली प्रत्येक दुसरी खोली तिकडच्या पोरांनी भरलेली. तरी तिला त्या कुठल्याशा बाईचा अगदी स्पष्ट, लखलखीत हेवा वाटला. कुणाची तरी बायको. निवांत झोपत असेल, तिला ठाऊकही नसेल की कुणी आपल्यासाठी दारात उभं राहून गेलंय. नशीब काढलंय बाईनं, असं ती म्हणणार होती, तोच फाट्यावर कंपनीच्या बस थांबल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं गोडाऊनच्या दारात निळ्या युनिफॉर्ममधला एक माणूस मोबाइल पुढं धरून उभा राहिला. "रोहिदास भाऊ," तो म्हणाला, "हे अभिनंदन कशाचं आलंय हो? काही होण्याच्या आधीच..." आणि थांबला.

समाधान होता.

"तू इथं काय करायलीस?" तो म्हणाला. "तू काय करायलास?" ती त्याच्याच बोलीत म्हणाली, घाबरली की ती तशी बोलायची. रोहिदास म्हणाला, "आई, ह्योच त्यो," आणि मग स्वरूपाकडं बघून, "मॅडम, तुमी वळखता काय यांना?" छबूबाईंनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं, एकदा तिच्या मुठीतल्या आवळ्याकडं, आणि तोंडाला पदर लावला. "आता गं बया," त्या म्हणाल्या. "नवऱ्याला अरेतुरे करती व्हय गं?"

स्वरूपाला काही ऐकू येत नव्हतं. म्हणजे ती बाई आपणच. हेवा वाटला तो आपलाच. इतक्या दिवसांच्या गोळ्या, तांदळाचा डबा, पार्किंगची थाप, सगळी कसरत एका अशा माणसासमोर केली, जो महिनाभर टाळी न वाजवता बघत बसला होता. तिला राग आला, खराखुरा, गालांपर्यंत. "तुला कुणी सांगितलं?" समाधाननं रोहिदासकडं पाहिलं, टेम्पोकडं पाहिलं, आणि युनिफॉर्मची टोपी काढून हातात फिरवत म्हणाला, "झोपेत तू माझ्या बनियनचा कोपरा मुठीत धरतेस. एरवी नाही धरत. त्या दोन्ही वेळेस धरायचीस. आता पुन्हा धरायलीस. पहाटे शिफ्टला उठताना एकेक बोट सोडवावं लागतं." रोहिदास म्हणाला, "मी जरा टेम्पो बघून येतो," आणि जागचा हलला नाही.

हे तिला माहीतच नव्हतं. आपल्या हाताची मूठ, आपलीच बोटं, आणि त्यांनी रोज पहाटे जाऊन सगळं फोडलं होतं. "मग बोलला का नाहीस?" "तू सांगशील म्हणून थांबलो. मी आधी विचारलं आणि पुन्हा काही... तर तुला वाटंल, ह्याच्या तोंडामुळं झालं." "आणि मी का नाही सांगितलं माहितीये?" तिचा आवाज फुटला. "पुन्हा सगळ्यांना सांगत बसावं लागलं असतं तुला. नाही राहिलं भाऊ, नाही राहिलं भाऊ. मी ऐकलंय गॅलरीत." "मग सांगीन की," तो म्हणाला. "मला तोंड आहे. लागलं तर दहादा सांगीन. पण म्हणून एका पलंगावर तू तिकडं तोंड करून भ्यायचं आणि मी इकडं तोंड करून भ्यायचं, ही कुठली रीत? भिऊ की दोघं मिळून."

"तेच की!" छबूबाई म्हणाल्या, जशी काही पळ्यांची मोजणी बरोबर आली. स्वरूपा हसत होती की रडत होती ते तिचं तिलाच कळेना. लाल खुर्च्या, पितळ, दारातला प्रकाश, सगळं एकमेकांत मिसळून गेलं होतं, आणि त्या मिसळलेल्या रंगात मधोमध एक निळा युनिफॉर्म उभा होता, टोपी हातात घेऊन, शाळेत उत्तर आलेल्या पोरासारखा. तिनं ओढणीनं तोंड पुसलं. भीती गेली नव्हती, होती तिथंच होती. पण आता तिला शेजारी जागा झाली होती. मग परक्याच्या गोडाऊनमध्ये, मांडववाल्याच्या देखत, त्याच्या आईच्या देखत, दारातून डोकावणाऱ्या टेम्पोवाल्याच्याही देखत तिनं मोठ्यांदा, नीट, अक्षरन् अक्षर सांगितलं, "समाधान, मला दिवस गेलेत."

"माहितीये," समाधान म्हणाला. "पुन्हा एकदा सांग."